मागचं मी बघितलंय

आगटे सरांनी मैत्रीला पहिल्यांदा ‘पद्मजा’ म्हणून हाक मारली तेव्हा दोघं हवेत होती. ग्लायडर मांजरी गावच्या उसावरून डावीकडे वळत होतं. मागच्या सीटवरून सरांचा आवाज आला, की पद्मजा, वेग कमी होतोय. वेग खरंच कमी होत होता. मैत्रीनं तो सावरला आणि उतरेपर्यंत नावाचं विसरूनही गेली.

२००६ सालचा जानेवारी होता. मैत्री रामटेके सव्वीस वर्षांची, मूळची भंडाऱ्याची, हडपसरच्या एका आयटी कंपनीत टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, त्या नोंदवायच्या आणि लिहिणाऱ्याचा राग ओढवून घ्यायचा, हे तिचं काम. शनिवारी ऑफिसला यावं लागलं की सातव्या मजल्याच्या खिडकीतून तिला लांबलचक पांढऱ्या पंखांची ग्लायडरं दिसत. इंजिन नाही, आवाज नाही. एका शनिवारी जेवणाच्या सुट्टीत ती रिक्षा करून तिकडे गेली आणि नाव नोंदवून आली. वडिलांना, सुखदेव रामटेकेंना, तिनं फोनवर सांगितलं. पोस्टात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. ते म्हणाले, एकटीनं उडवशील त्या दिवशीचा फोटो पाठव, आईला फ्रेम करायची आहे.

क्लब म्हणजे पत्र्याचं एक हँगर, गवताची धावपट्टी, दोन ग्लायडरं आणि एक विंच. धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला ट्रकच्या इंजिनावर चालणारा एक मोठा रीळ होता, ती विंच. तिची किलोमीटरभर लांब तार ग्लायडरच्या पोटाला अडकवायची. रीळ फिरला की तार ग्लायडरला पतंगासारखं वर खेचायची. नऊशे फुटांवर पिवळी मूठ ओढून तार सोडायची आणि मग घसरत, वळत आपलं आपण खाली यायचं. एका उड्डाणाला म्हणायचं लाँच. पाच-सहा मिनिटांचा खेळ.

विंच शंभू चालवायचा. मांजरीचाच, चाळिशीतला, कमी बोलणारा. शिकवायचे रंगनाथ आगटे. हवाई दलातून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट, राहायला कसबा पेठेत. पहिल्या दिवशी त्यांनी मैत्रीला पूर्ण नाव विचारलं. पुण्यात हा प्रश्न कुठे जातो हे तिला चार वर्षांत कळलं होतं, म्हणून तिनं ते जरा ठासूनच सांगितलं. सर म्हणाले, “आता वजन सांग. नावानं विमानाला काही फरक पडत नाही.” तिथून ती त्यांची झाली. त्यांचे टोमणे तिला ओव्यांइतके पाठ होते. नाक वरखाली करायची दांडी, म्हणजे स्टिक, घट्ट धरली की म्हणायचे, तो वरवंटा नाहीये. उतरताना घाबरली की म्हणायचे, जमीन कुठे पळून जात नाही, तू सावकाश ये.

धावपट्टीच्या उतरायच्या बाजूला भिंत होती आणि भिंतीपलीकडे अकरा मजली इमारतींचे सहा सांगाडे उभे राहिले होते. दर रविवारी एखादा मजला वाढलेला दिसे. त्यांच्या वर एक क्रेन होती. उतरताना त्या सांगाड्यांच्या आडोशाला वारा अचानक पडायचा आणि ग्लायडर दगडासारखं दहा फूट खाली जायचं. सर म्हणायचे, तिथे बोलायचं नाही, श्वासही उतरल्यावर घ्यायचा.

फेब्रुवारीत मैत्रीला एकेक गोष्ट दिसायला लागली. सरांनी एकाच लाँचच्या आधी तिला तीच तपासणी दोनदा म्हणायला लावली. एकदा काचेच्या झाकणाची कडी लावायची राहिली आणि शंभूनं धावत येऊन ती लावली. शंभूची एक पद्धत होती. जीपमागे तार ओढत तो स्वतः ग्लायडरपर्यंत यायचा, तार अडकवायचा, मग ग्लायडरभोवती एक फेरी मारायचा. पंख, शेपूट, झाकण, मागची सीट, सगळ्याला हात लावायचा. मैत्रीला वाटायचं, श्रद्धा असेल. सर पूर्वी स्कूटरवरून येत, दिवाळीनंतर ते बसनं यायला लागले. आणि ‘पद्मजा’ आता दर रविवारी दोन-तीनदा यायचं. तिनं एकदाही दुरुस्त केलं नाही. वयस्कर माणसाला काय टोकायचं, असं ती स्वतःला सांगायची.

सोलोचा, म्हणजे एकट्यानं उडायचा, सरांचा नियम सगळ्यांना माहीत होता. चाळीस लाँच झाल्याशिवाय कुणी एकट्यानं उडायचं नाही. कलेक्टरचा मुलगा आला तरी चाळीस. मैत्रीचे तेवीस झाले होते. आणि कंपनी तिला मार्चअखेर एका वर्षासाठी अमेरिकेला पाठवणार होती. उरलेल्या रविवारांत चाळीस होणार नाहीत, हे तिला दिसत होतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी धुकं उशिरापर्यंत रेंगाळलं. मांजरीकडे कुणीतरी तोडलेल्या उसाचं पाचट पेटवलं होतं, त्याचा काळा धूर धुक्यातच अडकून राहिला. विंचचा पट्टा तुटला होता. शंभूनं तो कसाबसा जोडला होता आणि त्याला जपत तो विंचपाशीच अडकला होता, म्हणून जीपनं तार घेऊन आला तो चेतन. चेतन इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि मैत्रीच्या मागोमाग क्लबात आला होता.

चोविसावा लाँच नीट झाला. उतरल्यावर सर मागच्या सीटवरून पाठ धरत बाहेर आले आणि झाकणाच्या कडेला हात ठेवून म्हणाले, “पद्मजा, आता तू एकटी जा.”

मैत्रीला चूक दिसली. सांगायला फक्त एक वाक्य लागलं असतं. चोवीसच झालेत सर, आणि मी पद्मजा नाही. ते वाक्य तिच्या जिभेवर आलंही. पण ते म्हटलं की सर विचारात पडणार, हात मागे घेणार, आणि हा दिवस संपणार. ती समोर बघत राहिली.

एकट्यानं उडताना मागच्या रिकाम्या सीटचे पट्टे घट्ट बांधायचे असतात आणि तिथलं सुटं सामान काढायचं असतं. पुढची आणि मागची स्टिक एकमेकींना जोडलेल्या असतात. मागे काही अडकलं तर पुढच्याच्या हातात काही राहत नाही. हे बघायचं काम उडणाऱ्याचं. मैत्रीनं आपले पट्टे सोडायला हात घातला.

“बस,” सर म्हणाले. “मागचं मी बघितलंय.”

ती बसली. उतरले तर हे शब्द बदलतील, अशी तिला भीती होती. सरांनी झाकण लावलं. चेतननं तार अडकवली आणि पंखाचं टोक उचलून धरलं. तार ताणली गेली.

मागे माणूस नसल्यानं ग्लायडर एखाद्या वेगळ्याच विमानासारखं उठलं. नऊशे फूट नेहमीपेक्षा लवकर आले. तिनं नाक खाली घेतलं, पिवळी मूठ ओढली, तार सुटल्याचा ठोका बसला आणि सगळं शांत झालं. खाली धुराची लांब पट्टी, त्यापलीकडे नदी, डावीकडे तिच्या ऑफिसच्या काचा. ती मोठ्यानं हसली. मागून कुणी काही म्हटलं नाही.

मग ती वळली. वळताना नाक खाली जातं, स्टिक जराशी मागे ओढून ते सावरायचं असतं. तिनं स्टिक ओढली. स्टिक थोडी मागे आली आणि थांबली.

तिनं पुन्हा ओढली. लोखंडाला लोखंड लागावं तसं ते अडत नव्हतं. मऊ अडत होतं. दाबलं की किंचित दबायचं आणि पुन्हा हात पुढे ढकलायचं, जसं मागे कुणीतरी बसून तळहातानं विरोध करतंय. वेग सत्तरचा नव्वद झाला. काचेवरून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज बदलला. तिनं पंख सरळ केले तरी नाक खालीच राहिलं. सहाशे फूट.

सरांची उशी, हे तिला तेव्हा कळलं. पाठीच्या दुखण्यासाठी ते निळ्या रेक्झिनची जाड उशी घेऊन बसत. नाक खाली घेताना ती सरकून मागच्या स्टिकच्या मागे अडकली होती. हात मागे नेऊन पोचणं शक्य नव्हतं. पट्टे सोडले तरी नाही. पाचशे. असंच खाली गेलं तर जमिनीपाशी नाक उचलता येणार नव्हतं आणि ती शंभरच्या वेगानं थेट गवतात घुसणार होती.

तिला एक गोष्ट आठवली. दहाव्या की अकराव्या लाँचला सरांनी मुद्दाम स्टिक झटक्यात पुढे टाकली होती. तळाची धूळ उठून डोळ्यांसमोर तरंगली होती, तिच्या खिशातलं पेन वर आलं होतं. सर म्हणाले होते, हे माहीत असू दे, घाबरायचं नाही. तशी उशीसुद्धा उठेल. पण त्यासाठी आधीच खाली चाललेलं नाक आणखी खाली ढकलायला हवं होतं. खाली सांगाड्यांच्या गच्च्यांवर सळया उभ्या होत्या. एक मजूर हातातलं घमेलं तसंच धरून वर बघत होता.

मैत्रीनं स्टिक पुढे लोटली.

सगळी जमीन काचेत आली. ती पट्ट्यांत लटकली, धूळ उठली, आणि डोक्यामागे काचेवर काहीतरी मऊ आपटलं. तिनं स्टिक ओढली. स्टिक आली. पूर्ण पोटापर्यंत आली. ग्लायडर कण्हत वर उठलं.

उंची तीनशेच्याही खाली गेली होती. नेहमीची फेरी आता शक्य नव्हती. तिनं तिथूनच धावपट्टीकडे वळवलं, सांगाड्यांच्या आडोशाला ग्लायडर खचलं, भिंत पायांखालून इतकी जवळून गेली की तिच्यावरच्या काचा तिला दिसल्या. मग चाक आपटलं, उडालं, पुन्हा आपटलं आणि ती गवतात तिरपी थांबली.

पहिला चेतन धावत आला, टाळ्या वाजवत. मग सर आले, आपल्या चालीनं. म्हणाले, पद्मजा, जवळून वळलीस, तेवढं सुधार. त्यांनी मागच्या सीटकडे बघितलं. उशी तळाशी कोपऱ्यात उलटी पडली होती आणि खांद्याचे दोन्ही पट्टे सुटे लोंबत होते. सरांनी उशी उचलली, धूळ झटकली.

“ही इथे कशी?” ते म्हणाले.

 चेतननं उशी बघितली आणि नजर दुसरीकडे वळवली. सर ती काखेत धरून हँगरकडे चालू लागले.  वडिलांना पाठवायचा फोटो काढायचा राहिला.

दुपारी शंभू तिला विंचपाशी भेटला. त्याला सगळं कळलं होतं. तो ग्रीसचे हात फडक्याला पुसत बराच वेळ बोलला, एरवी वर्षभरात बोलला नसेल इतका. सरांचं हे गणपतीपासून चाललंय. आधी नावं, मग मोजणं. म्हणून तो प्रत्येक लाँचला फेरी मारतो. आज पट्टा तुटला, येता आलं नाही, तेवढंच. क्लबला दुसरा शिकवणारा नाही आणि एवढ्या पगारात कुणी येणारही नाही.

“सर गेलं की क्लब गेला, ताई,” तो म्हणाला. “मी हाय ना बघायला. तुमी कुटं बोलू नगा.”

मैत्रीनं मान डोलावली. सोमवारी ऑफिसात तिनं एका प्रोग्रॅममधली चूक पकडली. बटण दोनदा दाबलं तर तारीख चुकायची. कुणाचंही त्यानं काही बिघडणार नव्हतं. तिनं ती पायरी पायरीनं लिहून काढली आणि पाठवताना तिचा हात थांबला. बुधवारी संध्याकाळी ती कसबा पेठेत गेली.

सर घरी नव्हते. शेजारच्या गृहस्थांबरोबर गणपतीच्या देवळात गेले होते. दार उघडलं त्यांच्या पत्नीनं, कुसुमताईंनी. मैत्री क्लबातून आले एवढंच म्हणाली. त्यांनी तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि समोर बसल्या.

“तुम्ही तिसऱ्या,” त्या म्हणाल्या.

आधी दोघं येऊन गेले होते. दोघांनाही सरांनी वेळेआधीच एकटं सोडलं होतं. दोघांनीही काळजीच्या सुरात सगळं सांगितलं होतं. मैत्रीनं विचारलं, मग त्यांनी क्लबच्या कमिटीला कळवलं का? कुसुमताई कोरड्या आवाजात म्हणाल्या, “पेढे ठेवून गेले. चांगले होते पेढे.”

मग त्याच पुढे बोलल्या. त्यांनी सरांकडून स्कूटरची किल्ली काढून घेतली, बँकेचं पुस्तक काढून घेतलं, गॅसला हात लावू देत नाहीत. “तुमच्या त्या विमानाला किल्ली नसते, नाही का?” रविवारी तिथून आले की दोन दिवस ते बरे असतात, जुने असतात. म्हणून त्या गप्प होत्या. हा स्वार्थ आहे, हे आपल्याला कळतं, असंही त्या म्हणाल्या.

पद्मजा कोण, हे मैत्रीनं जाताना विचारलं. पंधरा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी, क्लबातली पहिली मुलगी. सर म्हणायचे, असा हात पुन्हा बघितला नाही. आता सांगलीत बँकेत आहे, दिवाळीला कार्ड पाठवते. मैत्री जिन्यात थांबली. म्हणजे सरांनी तिला एकटं सोडलंच नव्हतं. त्यांनी पद्मजाला सोडलं होतं.

रविवारी ती पोचली तेव्हा उशीर झाला होता. ग्लायडर धावपट्टीवर उभं होतं. पुढच्या सीटवर चेतन, पट्टे बांधून. सर मागून उतरत होते. शंभू तार अडकवून, फेरी मारून, जीपनं विंचकडे निघून गेला होता. धुकं नुकतंच विरलं होतं, त्यामुळे फारसं कुणी आलं नव्हतं, आणि पंखाचं टोक उचलायला माणूस हवा होता. सर तिला म्हणाले, बरं झालं आलीस, पंख धर, हा आज एकटा चाललाय.

पंखाचं टोक उचललं की तयार असल्याची खूण. तोपर्यंत विंच चालत नाही. मैत्री टोकापाशी गेली. टोक गवतावर टेकलेलं होतं. तिनं त्याच्यावर हात ठेवला आणि उचललं नाही.

सरांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते तिच्याकडे चालत आले.

“सर, मागच्या रविवारी तुम्ही मला एकटीला सोडलंत,” ती म्हणाली. “माझे किती झाले होते?”

“बेचाळीस,” सर लगेच म्हणाले. सैनिकासारखे.

“चोवीस, सर. आणि माझं नाव मैत्री आहे. मैत्री रामटेके. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही.”

सर तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी चीड आली, मग ती जागच्या जागी विरली. ते ओठ हलवत काहीतरी मोजू लागले आणि मध्येच थांबले. मग वळून ग्लायडरपाशी गेले. झाकण अजून उघडंच होतं.

“तुझे किती?” त्यांनी चेतनला विचारलं.

चेतननं खाली बघितलं.  सर वाट बघत उभे राहिले. मांजरीकडून धुराचा वास येत होता आणि लांब विंचपाशी शंभू गाडीबाहेर येऊन कपाळावर हात धरून इकडे बघत होता.

“एकोणीस,” चेतन म्हणाला.

“उतर,” सर म्हणाले.

त्या दिवशी आणखी लाँच झाले नाहीत. हँगरमध्ये टेबलापाशी बसून सरांनी मैत्रीला कागद घ्यायला लावला आणि कमिटीच्या नावे पत्र सांगितलं. स्मरणात दोष निर्माण झाल्यानं आजपासून आपण शिकवणं थांबवत आहोत, गेल्या सहा महिन्यांत आपण एकटं सोडलेल्या सर्वांची फेरतपासणी व्हावी. भाषा स्वच्छ होती, एक शब्द खोडावा लागला नाही. मैत्रीचं सोलो धरू नये, असंही त्यांनी त्यात घातलं. सही करताना ते थांबले.

“तारीख काय आहे आज?”

तिनं सांगितली. त्यांनी ती लिहिली आणि मग खालच्या आवाजात साल विचारलं.

शंभू तिच्याशी त्यानंतर पंधरा दिवस बोलला नाही. कमिटीनं दुसऱ्या शिकवणाऱ्यासाठी जाहिरात दिली, कुणी आलं नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही ग्लायडरं एका परराज्यातल्या क्लबला द्यायचं ठरलं. मैत्रीचं अमेरिकेचं तिकीट त्याच आठवड्यातलं होतं. ती रजा घेऊन पंख उतरवायला गेली, कारण त्या कामाला माणसं लागतात. शंभूनं तिला बघितलं आणि हातमोजे दिले.

कुसुमताई सरांना घेऊन आल्या होत्या. सरांनी शर्ट इस्त्रीचा घातला होता. ते पंखाच्या टोकाशी उभे राहिले आणि त्यांनी काम हातात घेतलं. आधी शेपटीकडची पिन, मग डावा पंख, मग उजवा. कुणी कुठे धरायचं, कधी सोडायचं, कुठली पिन कुठल्या डब्यात. अडीच तास चाललं, आणि त्यांचं एकही चुकलं नाही. शंभूनं एकदा घाई केली तर ते म्हणाले, तुला गाडी पकडायची आहे का? शंभू हसला, त्या महिन्यात पहिल्यांदाच.

ट्रक फाटकातून बाहेर पडला. भिंतीपलीकडे क्रेन फिरत होती. सर रिकाम्या हँगरच्या दारात उभे राहून आत बघत होते.

“पहिला लाँच किती वाजता?” त्यांनी विचारलं.

शंभूनं मान फिरवली.  कुसुमताईंनी पर्स खांद्याला लावली, सरांचा हात धरला आणि म्हणाल्या, “उद्या सात वाजता. चला, आपली बस जाईल.”